गोडलिंबाच्या पानामागे : धामणगाव बढे येथील एक महिना

धामणगाव म्हटले की बहुतेकांना अमरावती जिल्ह्यातील रेल्वेचे धामणगाव आठवते. मी लिहितो आहे ते धामणगाव निराळे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले हे गाव, आणि ओळख पटावी म्हणून त्याच्या नावाला ‘बढे’ जोडलेले. येथे रेल्वे नाही. बुलढाण्याच्या थंड माथ्यावरून निघावे, राजूर घाटाची वळणे उतरावीत, मोताळ्याहून पुढचा रस्ता धरावा, म्हणजे काळ्या जमिनीचा मुलूख सुरू होतो. दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग सोबत करीत राहते. पोळा होऊन गेलेला असतो, कपाशी पात्या-फुलांवर आलेली असते, मक्याची कणसे भरत असतात, सोयाबीन पिवळे पडू लागलेले असते. या दिवसांत आठवड्यातून एकदा रुग्ण पाहण्यासाठी मी या रस्त्याने जातो, आणि गाडी मुद्दाम सावकाश चालवतो.

याचे कारण रस्त्याच्या कडेचा तरोटा. कोणी न पेरता गुडघाभर उगवणारी ही झुडपे म्हणजे पिवळ्या फुलपाखरांचे सूतिकागृह होय. तरोट्याच्या पानांवर ती अंडी घालतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत रस्ताभर पिवळ्या चिंध्या उडाव्यात तशी भिरभिरतात. डबक्याच्या काठी ओल्या मातीवर त्यांचे थवे बसलेले दिसतात. तेथे ती पाण्यासाठी नव्हे, तर पाण्यातल्या क्षारांसाठी, मुख्यतः मिठासाठी जमतात, आणि त्यांत बहुतेक नर असतात. दिवसभर रक्तदाबाच्या रुग्णांना मीठ कमी करा म्हणून सांगणाऱ्या माणसाला हे दृश्य गमतीचे वाटावे, यात नवल नाही.

तथापि या मुलखात फुलपाखराच्या बालपणाविषयी प्रेमाने बोलणे सोपे नाही. येथे ‘अळी’ हा शब्द शत्रूचा आहे. कपाशीत गुलाबी बोंडअळी, मक्यात 2018 पासून भारतात शिरलेली लष्करी अळी, हरभऱ्यात घाटेअळी. अळी म्हणजे बुडालेले पीक, थकलेले कर्ज आणि पाठीवरचा फवारणीचा पंप. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, हे आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. बोंडअळी मोठी होऊन फुलपाखरू होत नाही, तपकिरी रंगाचा एक लहानसा पतंग होतो. परंतु अंडे, अळी, कोष आणि पंख या चार पायऱ्या दोघांनाही सारख्याच. चौथीच्या परिसर अभ्यासात ‘प्राण्यांचा जीवनक्रम’ या पाठात मुले जे शिकतात, तेच त्यांचे वडील शेतात नुकसानीच्या रूपाने शिकत असतात.

या गावातील एका घरी मी गेली काही वर्षे जातो. घरातील आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. सारी हयात कपाशीत गेली. अडीच वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत शेतातच त्यांना लकवा झाला. थकव्याने हात भरून आला असेल, असे समजून रात्र काढली गेली, आणि इस्पितळ गाठेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. (तोंड एकाएकी वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडी वळणे, यांतले एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट पाहू नये. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते.) उजवा हात अर्धवट परत आला, चालणे काठीवर आले, आणि शेतावर जाणे थांबले. अंगणातल्या ओट्यावर बसून राहणे हाच दिनक्रम झाला. व्यायाम सांगितलेला होता. सूनबाई रोज आठवण करीत, आबा रोज उद्यावर ढकलीत. ‘रिकामा चेंडू दाबून काय पिकणार हाय, डॉक्टरसाहेब?’ हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला पटण्यासारखे उत्तर माझ्या औषधांच्या पेटीत नव्हते.

ओट्याला लागूनच गोडलिंबाचे झाड आहे. पश्चिम महाराष्ट्रातील वाचक ज्याला कढीपत्ता म्हणतात, तेच. चौथीत शिकणाऱ्या नातीला शाळेत जीवनक्रमाचे चित्र काढायला सांगितले होते. ती पाने तोडायला गेली आणि पानावर चिमणीची विष्ठा पडावी तसे काळे-पांढरे काहीतरी पाहून ओरडली, कारण ते हलले. आबांनी डाव्या हाताने काठी उचलली. ‘अळी दिसली का मारा लागते, एवढंच आम्हाले मालूम.’ नात मध्ये उभी राहिली. ‘आबा, ही कपाशीवरची नाही. गोडलिंबावरची हाय.’ हा युक्तिवाद शेतकऱ्याला पटण्यासारखाच होता. जे किडे आपल्या पिकावर नाहीत, त्यांच्याशी आपले वैर नाही. काठी खाली आली.

ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी होती. काळ्या पंखांवर फिक्या पिवळ्या ठिपक्यांची नक्षी असलेले हे फुलपाखरू महाराष्ट्रात जवळजवळ सर्वत्र दिसते. लिंबू, संत्रे, मोसंबी, बेल आणि गोडलिंब ही सारी एका कुळातली झाडे, आणि मादी याच कुळातल्या झाडांच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते. ती पानावर उतरते तेव्हा पायांनी पानाची चव घेते. झाड चुकीचे निघाले तर उडून जाते. अंडे मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, फिक्या पिवळ्या रंगाचे. तीन ते सहा दिवसांत त्यातून अळी बाहेर येते आणि बहुधा प्रथम आपल्याच अंड्याचे कवच खाते. अंगावर कात दाटू लागली की ती टाकते. अशा चार काती टाकेपर्यंत तिचे पाच वय होतात. पहिले काही दिवस ती विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. शेवटच्या वयात मात्र ती एकाएकी हिरवीगार होते, आणि पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके येतात. तिला बोट लावले तर डोक्यामागून लालसर दोन शिंगे बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. नातीने तो वास आबांना हुंगायला लावला. आबा म्हणाले, फवारणीपेक्षा बरा.

शाळेच्या पुस्तकात हे सारे चार चित्रांच्या वर्तुळात मावते. त्या वर्तुळाविषयी माझी एक तक्रार आहे. अशा आकृत्यांत बहुधा पान नसते. अळी कशावरही वाढत नाही. तरोट्यावरची अळी लिंबावर उपाशी मरेल. रुईवरची अळी रुईच्याच कुळातला चीक पचवून कडू होते आणि त्या कडूपणावर पुढे फुलपाखरूपणी पक्ष्यांपासून वाचते. शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ करताना पान उलटून पाहावे. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर तीन जोड्या मिशा असलेली अळी तेथे पुष्कळदा सापडते. पानासकट जीवनक्रम मांडावा हे पहिल्यांदा जिने नेमाने केले, ती मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार. किडे चिखलातून आपोआप उपजतात अशी समजूत युरोपात प्रचलित असताना तिने अळ्या घरी पाळल्या, आणि 1679 मध्ये प्रत्येक कीटक त्याच्या अन्नवनस्पतीसह रेखाटलेले पुस्तक प्रसिद्ध केले. 1699 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला फुलपाखरे पाहायला गेली. दोन वर्षांनी आजारी होऊन परतली, आणि 1705 मध्ये तिचे सर्वांत नावाजलेले पुस्तक बाहेर आले. पन्नाशीनंतर नवे काय शिकायचे, असे मला जे म्हणतात, त्यांना मी ही बाई सांगतो.

पुन्हा ओट्याकडे येऊ. अळी दोन आठवड्यांच्या आसपास खात राहते, आणि एका माणसाने तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. नात सकाळी दहाला शाळेत जाई. तेव्हा राखणदारी आबांकडे आली. पाखरे हाकलायची, मुंग्या झटकायच्या, किती पाने संपली ते संध्याकाळी सांगायचे. पाने पाहायची तर फांदी खाली ओढावी लागे. डाव्या हातात काठी, म्हणून फांदी उजव्या हाताने ओढणे आले. पहिल्या आठवड्यात ती सुटून जाई. फुलपाखरामुळे आबांचा हात बरा झाला, असे मी मुळीच म्हणणार नाही. तो आजही पूर्ण बरा नाही. पक्षाघातानंतर अर्थपूर्ण कामात हात वारंवार वापरला जाणे उपयोगी असते, एवढे मात्र वैद्यकशास्त्र मानते, आणि त्या चेंडूला जो अर्थ नव्हता तो या फांदीला होता. सूनबाईंनी मला वेगळेच सांगितले. ‘मामाजी दुपारी झोपून राहत होते, ते आता जागे राहतात. रात्री झोप लागते. मलेही लागते.’ आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसाची झोप हा विषय आपल्याकडे फारसा कोणी विचारात घेत नाही.

एके दिवशी अळीने खाणे सोडले आणि ती इकडेतिकडे फिरू लागली. जागा पसंत पडल्यावर तिने मागचा भाग रेशमाने चिकटवला, कमरेभोवती एक बारीक धागा बांधला, आणि शेवटची कात टाकून तिचा कोष झाला. रुईवरची अळी डोके खाली करून लोंबकळते, ही कमरेला पट्टा बांधून टेकून बसते, हा फरक मुलांना दाखवण्यासारखा आहे. कोषाचा रंग भोवतालाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो. आत काय चालते? अळीचे बरेचसे अवयव विरघळतात, आणि तिच्या देहात आधीपासून निद्रिस्त असलेल्या पेशींच्या चकत्यांतून पंख, पाय, डोळे घडू लागतात. हे सारे हार्मोनच्या चढउतारावर चालते. एक हार्मोन अळीला अळीच ठेवतो, तो ओसरला की दुसरा तिला कोषाकडे नेतो. थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेणाऱ्या आजींना हे लगेच समजते.

येथे एक संशोधन सांगावेसे वाटते. 2008 मध्ये अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठातील संशोधकांनी तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास देऊन त्याबरोबर सौम्य विजेचा झटका दिला. शेवटच्या वयात हा धडा शिकलेल्या अळ्या कोषातून पतंग होऊन बाहेर आल्या, तेव्हाही बहुतेक त्या वासापासून दूर गेल्या. त्याहून लहान वयात शिकलेल्यांना ते राहिले नाही. इतकी उलथापालथ होऊनही काही शिकवण टिकते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या कुटुंबीयांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात, म्हणून लगेच सावधही करतो. पतंगाचा मेंदू आणि आपल्या आईचा मेंदू यांची सांगड घालता येत नाही. तरीही एखादी आजी नातवाचे नाव विसरते आणि बेलाचे पान हातात दिल्यावर त्याची तीन दळे चाचपत बसते, हे मी पाहिले आहे.

आबांच्या घरचा पहिला कोष दहा दिवसांनी काळवंडला. नातीला वाटले, पंख दिसू लागले. प्रत्यक्षात त्याला एक बारीक भोक पडले आणि त्यातून लहान लहान माशीसारखे कीटक एकामागून एक बाहेर आले. फुलपाखरू आलेच नाही. मी त्या दिवशी तेथेच होतो. मुलीचा चेहरा पाहून सूनबाई कोष उचलून फेकायला निघाल्या. आबांनी त्यांना थांबवले आणि तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, ‘हे तर मित्रकीटक. यायच्यासाठीच तर आपण कपाशीत कार्ड लावतो.’ ट्रायकोग्रामाची कार्डे या भागातील शेतकऱ्यांना ठाऊक असतात. त्या कार्डांवरच्या चिमुकल्या गांधीलमाश्या किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. कोषात अंडी घालणारी त्यांची चुलत भावंडे आपली आपण येतात. मुलीने विचारले, ‘मग आपली अळी मेली?’ आबा म्हणाले, ‘मेली. त्यायलेही पोट हाय.’

आठवडाभराने तिने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो मला विचारला. आबांच्या हातातही असेच काही शिरले होते का? मी तिला मेंदूतली रक्तवाहिनी, गुठळी आणि हाताला जाणारा निरोप यांचे चित्र पाटीवर काढून दाखवले. आबा ऐकत होते. त्यांना ते आजवर कोणी नीट सांगितलेले दिसत नव्हते. मुलांना मृत्यू आणि आजार यांविषयी खोटे सांगू नये, हे आपण म्हणतो. पण खरे सांगायला निमित्त लागते, आणि ते दवाखान्यात क्वचितच मिळते.

दुसरा कोष फळाला आला. पंखांचे ठिपके कवचातून दिसू लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष ठेवावे. कवच फुटते, चुरगळलेले ओले फुलपाखरू बाहेर येते, आणि देहातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलून ते पंख ताणते. तासा-दोन तासांत पंख वाळतात. या वेळी लालसर किंवा तपकिरी थेंब गळतो. ते रक्त नव्हे, कोषातला साठलेला मळ असतो. हे आधी सांगून ठेवले नाही तर मुले घाबरतात.

याच क्षणावर एक गोष्ट व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरते आहे. कोणी दयाळू माणसाने कात्रीने कोष कापून फुलपाखराला मदत केली आणि ते कायमचे पांगळे झाले. कोषाला हात लावू नये, हे खरेच. मात्र या गोष्टीचा आधार घेऊन घरच्या म्हाताऱ्या माणसाला काठी न देणारे, न्हाणीघरात दांडी न बसवणारे, ‘त्यांचे त्यांना करू द्या’ म्हणणारे नातलग मला भेटतात, तेव्हा माझी पंचाईत होते. वृद्ध माणूस कोष नव्हे. आबांना फांदी स्वतः ओढू द्यावी, पण पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या अंगणात त्यांच्या मागे कोणीतरी उभे असावेच. ओट्यापासून झाडापर्यंतच्या चार पावलांवर सूनबाईंनी खरबरीत फरशी टाकून घेतली, याला मी कोणत्याही बोधकथेपेक्षा अधिक मानतो.

ज्यांना घरी हे करून पाहावेसे वाटेल, त्यांच्यासाठी थोडे वैद्यकीय बोलतो. झाडावरच पाहणे सर्वांत चांगले. बरणी घ्यायचीच तर स्वच्छ काचेची, तोंडाला मलमलीचा कपडा, आणि रोज ताजे पान. औषधाची किंवा कीटकनाशकाची रिकामी बाटली कधीही वापरू नये, धुतलेलीसुद्धा नाही. बाजारातल्या गोडलिंबावर फवारणी झालेली असू शकते. ते पान खाऊन अळी काही तासांत मेली तर ते पान आपल्याही फोडणीत जाणार होते, हे ध्यानात घ्यावे. लिंबावरची अळी गुळगुळीत असते आणि काही करीत नाही. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू नये. केस लागलेच तर चोळू नये, चिकटपट्टीने अलगद उपटावेत, साबण-पाण्याने धुवावे. रुईचे पान तोडताना डोळे जपावेत. तो चीक डोळ्यात गेला तर कधी कधी फारसे दुखत नाही, पण नजर धूसर होते. भरपूर पाण्याने डोळा धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मधुमेही माणसाने अंगणात अनवाणी जाऊ नये. आणि ज्यांचा मोतीबिंदू पिकला आहे त्यांनी अळी दिसत नाही म्हणून दुःख न करता शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. भिंग घेऊनही दिसत नाही, अशी तक्रार माझ्याकडे पानावरच्या अंड्यामुळे आली आहे. चष्म्यामुळे ती वर्षभर आली नव्हती.

महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, हिला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला, आणि असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. तिच्याही अळ्या लिंबाच्याच कुळावर वाढतात, पण तिला अधिक पावसाची, झाडीची ओढ. मोताळ्याच्या कपाशीत ती शोधत बसू नये. येथे लिंबावरचे आहे, तरोट्यावरचे आहे, रुईवरचे आहे, आणि तेवढ्यासाठी पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ पुरे होतो.

थंडी पडू लागली की कोषाचे दिवस लांबतात. दहा-बारा दिवसांचा हिशेब तीन आठवड्यांपर्यंतही जातो, तेव्हा कोष मेला समजून काढून टाकू नये. आबांच्या घरी या वेळी तिसरा कोष ओट्याच्या खांबाला लागला आहे, आणि नातीने खांबावर खडूने तारीख लिहिली आहे. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा सतरावा दिवस होता.